एकोणीस मिनिटांची घटका

मी, मोरेश्वर नरहर पाठक, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गावजोशीपण आणि थोडी शेती, राहणार मौजे खडकओहोळ, तालुका राहुरी, जिल्हा अहमदनगर, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. दात नाहीत, पण दातांची अट कायद्यात नाही. तपकिरीखेरीज कसलाही अंमल माझ्यावर नाही. कोणी धाक घातलेला नाही, आणि जिच्या भिडेला पडावे ती बायको दहा वर्षांपूर्वीच गेली. बोलताबोलता मी अनेकांना 'हे पुढे तुलाच' असे म्हटलेले आहे. ती सगळी आश्वासने या कागदाने रद्द समजावीत.

हा कागद माझ्या तेराव्या दिवशी, जेवणे होण्याआधी, मारुतीच्या पारावर पाण्याच्या सर्व पाळीदारांसमोर माझा मुलगा चिरंजीव शामकांत याने मोठ्याने वाचावा. शामकांत नगरला कचेरीत कारकून आहे, आणि अडचणीची वाक्ये गाळून वाचण्याची त्याला कचेरीतली सवय आहे. म्हणून वाचताना बंधाऱ्याचे पाणी सोडण्याच्या मोरीची राखणदार राहीबाई हिने त्याच्या शेजारी उभे राहावे. तिला अक्षर येत नाही, पण गाळलेले बरोबर कळते.

कलम पहिले. माझ्या देहाला दोन तांब्यांत स्नान घालावे. तिसरा तांब्या लागल्यास मी जिवंतपणी पुरेशी आंघोळ केली नाही असा अर्थ होईल. स्नानाचे पाणी अंगणातल्या लिंबाला मिळेल अशा जागी मला ठेवावे. मी मेल्याचा त्या झाडाला तरी उपयोग व्हावा.

कलम दुसरे. राहते घर वडिलोपार्जित असल्यामुळे त्याबद्दल लिहिण्याचा मला अधिकारच नाही. ते शामकांतकडे आपोआप जाईल. बापाने दिले असे समजून त्याने गहिवरून येऊ नये.

कलम तिसरे. आता बंधाऱ्याबद्दल. हा कागद कदाचित परगावच्या कोर्टात वाचला जाईल, म्हणून आमच्या गावाची रीत सांगणे भाग आहे. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर दगडी बंधारा आहे. त्यात साठलेल्या पाण्यावर सात जणांची शेते भिजतात. सात वार, सात पाळीदार. ज्याचा वार त्याला सूर्योदयापासून दहा घटका पाणी. घटका मोजण्याचे तांब्याचे पात्र आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. हे वाटीएवढे पात्र, त्याच्या बुडाला बारीक भोक. घंगाळात पाण्यावर सोडले की भोकातून पाणी आत येते, आणि पात्र भरून बुडते. बुडाले की एक घटका झाली, इंग्रजी हिशोबाने चोवीस मिनिटे. असे दहा वेळा बुडाले की मी ओसरीवरची घंटा वाजवतो, आणि मोरीवर बसलेली राहीबाई लाकडी दार खाली पाडते. मग शेतात अर्धा वाफा कोरडा राहिला असला तरी दार वर होत नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याशी गावाची पिण्याची विहीर आहे. बंधाऱ्यात पाणी असेल तोवर तिला झरे. बंधारा आटला की विहिरीत खाली दगड दिसतात आणि बायका घागरी घेऊन दोन कोसांवर मुळा नदीला जातात.

पहिला वार आणि बंधाऱ्याला लागून असलेले पहिले शेत गोरक्षनाथाचे. शेवटचा वार आणि पाटाच्या टोकाचे शेवटचे शेत माझे. हे ध्यानात ठेवावे. पुढे मी पाणी राखण्याबद्दल जे काही उच्च विचार मांडले आहेत, त्यांचा उगम वेदांत नसून या शेवटच्या शेतात आहे. माझे शेत गोरक्षनाथाच्या जागी असते, तर पाणी ही देवाची देणगी असून तिला मोजणे पाप आहे, असे सांगणारा पहिला मीच असतो, आणि त्याला श्लोकही काढून दाखवला असता.

कलम चौथे. लोकांनी पाणी जपून वापरावे म्हणून या गावात आजवर जे उपाय झाले, ते पुढच्यांना पुन्हा करावे लागू नयेत म्हणून नमूद करून ठेवतो.

पहिला उपाय धर्माचा. तो मी केला. एका श्रावणात पारावर पुराण सांगताना मी ठोकून दिले की पाणी वाया घालवणारा पुढल्या जन्मी बेडूक होतो. सगळे गंभीर झाले. गोरक्षनाथ म्हणाला, "मंग बरंच हाय की, बुवा. बेडकाला पाळी नसती." त्यानंतर त्या श्रावणात कोणी गंभीर झाले नाही.

दुसरा उपाय शिक्षेचा. ज्याच्या वाफ्यातून पाणी बाहेर वाहील त्याने मारुतीला नारळ फोडावा असे पंचांनी ठरवले. गोरक्षनाथाने दुसऱ्या दिवशी पोतेभर नारळ आगाऊ आणून देवळात ठेवले. त्या वर्षी पुजारी लठ्ठ झाला.

तिसरा उपाय सरकारचा. त्याबद्दल कलम सहामध्ये येईल.

चौथा उपाय कोणी केला नाही, तो आपोआप झाला, आणि थोडासा लागूही पडला. सोमवारवाल्याचे पाणी चालू असताना मंगळवारवाला पाटाच्या कडेने हात मागे बांधून फिरतो. बोलत काही नाही. नुसता बघतो. त्या बघण्याने जेवढे बांध नीट झाले तेवढे माझ्या पुराणाने झाले नाहीत. मात्र गोरक्षनाथाच्या शेताला तोही उपाय चालला नाही. दर वाराला पाटाच्या बांधाला उंदरांनी बिळे पाडलेली असत, आणि सगळी बिळे गोरक्षनाथाच्याच शेताकडे उघडत. गावातल्या इतर उंदरांना दिशांचे एवढे ज्ञान नाही. या उंदरांनी त्याला इतके पाणी पाजले की त्याच्या खालच्या दोन पट्ट्यांत मीठ फुटून जमीन पांढरी झाली. त्याने ते लक्ष्मीचे पाऊल म्हणून तिथे हळदकुंकू वाहिले. आता तिथे गवतही येत नाही, हळदकुंकू मात्र दर शुक्रवारी पडते.

कलम पाचवे. हे कलम लिहिण्यासाठी मी बाकीचा कागद लिहिला आहे.

शके १८४३ च्या वैशाखात, म्हणजे आजपासून बरोबर पंचवीस वर्षांपूर्वी, बंधारा फाल्गुनातच आटला होता. आदल्या साली पाऊस नव्हता, आणि जे थोडे साठले होते ते आम्ही सात पाळीदारांनी दहा-दहा घटका काटेकोर मोजून, अगदी न्यायाने, कांद्याला पाजून संपवले होते. न्यायात कसर नव्हती. पिण्याची विहीर कोरडी पडली. राहीबाईला तेव्हा सातवा महिना होता. नदीवरून घागर आणताना वाटेतच तिची सुटका झाली. मूल राहिले नाही. माझे कुटुंब द्वारकाबाई राहीबाईच्या मागे चालत होती. तिने स्वतःची घागर रस्त्यात ओतून दिली आणि राहीबाईला धरून घरी आणले. त्या दिवशी माझ्या संध्येला पाणी नव्हते, आणि मी घरात त्याबद्दल तक्रार केली. हे मी लिहितो आहे, कारण हे माझ्या हातून झाले आणि ते मला अजून खाते.

त्याच वर्षीच्या दसऱ्यानंतर बंधारा कधीही वैशाखाच्या आत आटला नाही. पाऊस कमी झाला तरी नाही. माझे शेत हिरवे राहू लागले. मी समजलो की माझ्या जपाचा परिणाम. एकदा पीरमहंमद, जो आमचा गुरुवारचा पाळीदार, घंटा झाल्यावर ओसरीपाशी येऊन म्हणाला, "बुवा, सावली आजून लई लांब हाय. इतक्यात दहा घटका झाल्या?" मी म्हणालो, "उत्तरायण चालू आहे." तो बिचारा मान हलवून गेला. उत्तरायणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण शास्त्राचा मुख्य उपयोग समोरच्याला घरी पाठवण्यासाठी होतो.

आठ वर्षे अशी गेली. मग एका लग्नात वरपक्षाकडून पैठणचे शास्त्री आले. त्यांनी आपले घटिकापात्र आणले होते. मुहूर्त पडताळण्यासाठी दोन्ही पात्रे एकाच घंगाळात सोडली. माझे बुडाले तेव्हा त्यांचे डौलात तरंगत होते. सगळ्या मांडवादेखत मी म्हणालो, "शास्त्रीबुवा, आपल्या पात्राच्या भोकात घाण बसलेली दिसते." शास्त्री सज्जन होते. त्यांनी काडीने भोक साफ केले आणि क्षमा मागितली.

घरी आल्यावर मी द्वारकेला विचारले. ती तांदूळ निवडत होती. ती न थांबता म्हणाली, "भोक मी मोठं केलं. आठ वर्षं झाली. वैशाखात आपण चार तांबे अंगावर घेता, ते कुठून येतात असं वाटलं आपल्याला?"

मी शास्त्र, घराण्याची अब्रू, पाळीदारांचा विश्वास, सगळे बोलून घेतले. ती म्हणाली, "मग बुजवा." आणि सूप घेऊन आत गेली.

मी बुजवले नाही. त्या रात्रीही नाही आणि नंतरही नाही. माझा कांदा त्या वर्षी चांगला आला होता. तिच्या मनात राहीबाई होती आणि माझ्या मनात कांदा, पण भोक दोघांचे एकच होते. सतरा वर्षांचे ते गुपित, ती गेल्यापासूनची दहा वर्षे, मी एकट्याने सांभाळले असे मला वाटत आले आहे, आणि त्याचा मला अभिमानही आहे.

कलम सहावे. सन १९३८ साली शेतकीखात्याचे एक साहेब जादूचा कंदील घेऊन आले. पडद्यावर त्यांनी पाण्याच्या थेंबाचे महत्त्व दाखवले. गाव लोटले होते, कारण मधे हत्तीचे एक चित्र होते. थेंब आला की लोक तंबाखू मळत, आणि 'हत्ती परत दावा' म्हणून साहेबांना गळ घालत. सकाळी साहेबांनी एप्रिल महिन्यात भरलेला बंधारा पाहिला. शेजारच्या तिन्ही गावांचे बंधारे कोरडे होते. त्यांनी वही काढून कारण विचारले. गोरक्षनाथ म्हणाला, "आमच्यात एकी हाय." पीरमहंमद म्हणाला, "पीरबाबांची मेहेर हाय, साहेब." मी म्हणालो, माझी प्रवचने. साहेबांनी या तिन्हींच्या खाली 'जादूचा कंदील' असे चौथे कारण लिहून घेतले, जरी कंदील आदल्या दिवशीच आला होता. महिन्याभराने मला छापील प्रशस्तिपत्र आले, 'लोकशिक्षणाद्वारे पाण्याची बचत घडवून आणल्याबद्दल'. ते चौकटीत घालून आठ वर्षे भिंतीवर आहे. ते शामकांतला द्यावे. त्याला छापील कागद आवडतात, आणि त्यामागचा भिंतीचा पोपडा झाकलेलाच बरा.

राहीबाईला मी या कागदान्वये काहीही ठेवलेले नाही. तिची साक्ष मला हवी आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सगळ्यात जास्त विश्वास जिच्यावर, तिला काही देता येत नाही, असा तो कायदा आहे.

कलम सातवे. टोकाची पाच एकर जमीन माझी स्वकष्टार्जित आहे. ती शामकांतला देतो, पण अटीवर. शामकांत आणि गोरक्षनाथ मिळून बंधाऱ्यावर तेलाचे इंजिन बसवून ऊस लावण्याच्या विचारात आहेत, हे मला कळले आहे. मी झोपलो आहे असे समजून ते माझ्या उशाशी बोलत होते. शामकांतचे म्हणणे, घटिकापात्र हा जुना बावळटपणा आहे, भिंतीवर घड्याळ लावू आणि इंजिन चालवू. मुला, इंजिनाला घंटा ऐकू येत नाही. बैल दमतो, माणूस दमतो, म्हणून त्यांच्या पाण्याला माप राहते. इंजिन दमत नाही, आणि उसाची तहान भागल्याचे अजून कोणी पाहिलेले नाही. बंधाऱ्यात इंजिनाची नळी ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी ही जमीन शामकांतकडून निघून पिण्याच्या विहिरीच्या देखभालीसाठी गावाकडे जाईल. गोरक्षनाथाने आपल्या जमिनीचे काय करावे हे मी सांगू शकत नाही. पण नळी टाकायला पाटाच्या टोकाचा भागीदार त्याला मिळणार नाही, आणि एकट्याने टाकली तर ते उंदरांनी केले असे म्हणता येणार नाही.

कलम आठवे. घटिकापात्र.

गेल्या हिवाळ्यात पीरमहंमदचा मुलगा सत्तार लढाईवरून परत आला. तो मिसर देशाच्या वाळवंटात लष्कराची मोटार हाकत होता. मनगटावर घड्याळ बांधून तो माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि घंगाळाकडे बघत राहिला. पात्र दोनदा बुडाले.

"जोशीबुवा," तो म्हणाला, "तुमची घटका एकोनीस मिन्टांत बुडती."

मी म्हणालो, "तुझं घड्याळ लढाईतलं आहे. सरकारनं लढाईत सगळी घड्याळं पुढं केली होती."

"तास पुढं केला हुता, बुवा. मिन्टं हाय तेवढीच हायेत."

उत्तरायण त्याच्यावर चालणार नव्हते. हे खरे की सरकारने बेचाळीस साली साऱ्या हिंदुस्थानाचा एक तास उचलला आणि लढाई संपल्यावर परत ठेवला, आणि त्याला कोणी चोरी म्हटले नाही. मी घटकेमागे पाच मिनिटे उचलली, पण ती बंधाऱ्यातच ठेवली. तरीही मी विचारले, "बापाला सांगणार का?"

सत्तार मग म्हणाला, "तिकडं वाळूत मानशी दिवसाला एक बाटली पानी. पयल्या दिशी समद्यांनी दुपारच्या आत पिऊन टाकलं. मंग ज्यानं त्यानं आपल्या बाटलीला खून केली, हितल्या खाली जायचं न्हाई. आजून घरी बी तांब्यात पानी ठिवल्याबिगर मला झोप येत न्हाई. आई हसती." मग त्याने पात्र उचलून उन्हात धरले आणि भोकातून पाहिले. "बुवा, आजून जरा मोटं केलं तर?"

मी नको म्हणालो. एकोणीस मिनिटे पुरेत. दुसऱ्याच्या तोंडचे पाणी राखण्याचाही लोभ सुटतो.

तर हे घटिकापात्र, घंगाळ आणि घंटा मी सत्तार पीरमहंमद याला देतो. त्याची संमती घेतलेली आहे. तो फक्त एवढेच म्हणाला, "मी लगीन लावनार न्हाई हां, बुवा." लग्ने जो कोणी नवा जोशी येईल त्याने लावावीत. पण गावकऱ्यांना हे समजले पाहिजे की गेली पंचवीस वर्षे सकाळचे सगळे मुहूर्त याच पात्रावर लागले, आणि ते सगळे अर्धा-पाऊण तास आधी लागले. अशी लग्ने एकशे बारा. त्यांपैकी भांडणारी जोडपी आहेत तेवढीच आहेत, जेवढी शेजारच्या गावात आहेत. शामकांतचेही लग्न याच पात्रावर लागले. त्याच्या बायकोला शामकांतखेरीज कसलाही त्रास झालेला नाही. उलट पंगती वेळेवर बसल्याबद्दल वऱ्हाडी माझी नेहमी स्तुती करत. तरी यापुढे लग्ने सत्तारच्या घड्याळावर लावावीत, आणि पाणी माझ्या पात्रावर सोडावे. लग्नाला खरी वेळ चालेल. पाण्याला चालत नाही.

जोशाचे पात्र मुसलमानाच्या ओसरीवर कसे, असे कोणी विचारील. त्याने आधी हे सांगावे की गुरुवारी पाणी पीरमहंमदच्या वाफ्यातून फिरते तेव्हा ते कोणत्या जातीचे असते. शिवाय हे पात्र तहान पाहिलेल्या माणसाकडे असावे अशी माझी इच्छा आहे. गावात असा पुरुष तोच एक आहे. बाकीच्या आम्हा पुरुषांना पाणी घरात भरलेले मिळत आले आहे.

भोक बुजवू नये, वाढवू नये. दर दसऱ्याला पात्र घड्याळासमोर सोडावे आणि एकोणीस मिनिटे भरतात हे पाहावे.

कलम नववे. आता हे ऐकून पारावर आरडाओरडा होईल. आमची पाच-पाच मिनिटे, वाराला पन्नास, पंचवीस वर्षे, असे बोटांवर मोजले जाईल. बरोबर आहे. ज्याला आपला हक्क परत हवा असेल त्याला तो माझ्या शनिवारच्या पाळीतून मिळावा. शामकांतने कुरकुर न करता द्यावा. मात्र मागणी करण्याची रीत मी ठरवून देतो. मागणाऱ्याने वैशाखातल्या कोणत्याही सकाळी, बायका पाणी भरत असताना, पिण्याच्या विहिरीवर यावे, आणि तिथे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपल्याला किती पाणी येणे आहे ते सांगावे. इतर कुठे केलेली मागणी रद्द समजावी.

कलम दहावे. साक्षीदार दोन. पहिला गोरक्षनाथ. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायद्यात नाही, मी सही करताना त्याने पाहिले म्हणजे पुरे. आपल्याला इंजिनासाठी जागा मिळाली आहे अशा समजुतीने तो आज पेढे घेऊन आला आहे. मी ती समजूत काढून टाकलेली नाही. पेढे चांगले आहेत.

सही: मोरेश्वर नरहर पाठक

साक्ष पहिली: गोरक्षनाथ, रविवारचा पाळीदार, सही दस्तुरखुद्द.

साक्षीदार दुसरी राहीबाई. हिने अंगठा उठवण्याआधी अडचण काढली, ती अशी.

गोरक्षनाथ सही करून अंगणापलीकडे आपल्या गाडीपाशी जाऊन बसल्यावर राहीबाई ओसरीच्या पायरीवरून म्हणाली, "बुवा, मला वाचून दावा. ऐकल्याबिगर मी अंगटा देत न्हाई." कायद्यात तशी गरज नाही असे मी सांगितले. ती म्हणाली, "कायद्याला न्हाई, मला हाय." म्हणून मी हा कागद पहिल्यापासून वाचला. पाचव्या कलमाला, वैशाखाच्या मजकुरापाशी, ती पदर तोंडाला लावून बसली. मी थांबलो. तिने हातानेच 'वाचा' म्हणून खुणावले. मग भोकाच्या मजकुरापाशी आलो तेव्हा ती हसू लागली.

"बामनाच्या घरात दाभन कुटलं, बुवा? दाभन मी आनलं. बाईंनी भांडं धरलं आन मी फिरवलं. त्येंच्या हाताला तेवढा जोर नव्हता."

मी विचारले, "हे आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"बायांना समद्यांना ठाव हाय. गोरक्षनाथाच्या आईला ठाव हुतं, बायकूला हाय. पीरमहंमदाच्या घरात हाय. सुना आल्या की पयल्या वैशाखात सांगतो आमी त्येंना."

"पंचवीस वर्षं? आणि कोणी बोललं नाही?"

"प्यायला पानी हुतं नव्हं? मंग बोलायचं काय?" ती म्हणाली. "तुमाला बी सांगनार नव्हतो. ते शास्तरी आलं म्हनून बाईंचा इलाज चालला न्हाई."

माझ्या सतरा वर्षांच्या गुपिताचे हे असे झाले. तेव्हा वरील पाचव्या कलमात 'भोक द्वारकाबाईने मोठे केले' असे जिथे समजेल, तिथे 'द्वारकाबाई व राहीबाई यांनी, गावातील सर्व बायकांच्या माहितीने' असे वाचावे. आणि 'मी एकट्याने सांभाळले' हे शब्द खोडावेत. मी खोडत नाही, कारण माणूस किती मूर्ख असू शकतो ते शामकांतला दिसले पाहिजे.

नवव्या कलमातही राहीबाईने दुरुस्ती सांगितली. ती तिच्याच शब्दांत लिहितो.

"हक मागायला येनाऱ्यानं घागर घिऊन यावं. हिरीवर न्हाई भरायची. नदीवर जावं, मी गेल्ते त्या वाटंनं, वैशाखात, आन डोक्यावर घागर घिऊन माघारी यावं. मंग सांगावं किती मिन्टं येनं हाय ते. मी बसलेली हाय मोरीवर. दार वर करीन."

ही दुरुस्ती मला पूर्ण मान्य आहे. कलम नऊ असेच वाचावे. दुरुस्तीवर सही व साक्ष पुन्हा लागते म्हणून गोरक्षनाथाला गाडीपासून हाक मारली. मी सही करताना त्याने पाहिले, आणि त्याने हीही साक्ष न वाचता केली.

सही: मोरेश्वर नरहर पाठक

साक्ष पहिली: गोरक्षनाथ, सही दस्तुरखुद्द.

साक्ष दुसरी: राहीबाई, मोरीची राखणदार, निशाणी डाव्या हाताचा अंगठा, ऐकून व समजून.

मुक्काम खडकओहोळ, वैशाख शुद्ध तृतीया शके १८६८, दिनांक ४ मे १९४६, शनिवार, सूर्योदयापासून अकरावी घटका, आमच्या पात्राप्रमाणे. बंधाऱ्यात आज पुरुषभर पाणी आहे.